मधली पट्टी

अकरा वर्षं जे भांडण तोंडाने मिटलं नव्हतं, ते शनिवारी सकाळी हत्यारांनी मिटवायचं ठरलं. म्हणजे मारामारी करून नव्हे. वाचनालयाचं छप्पर उचकटून बघायचं, की गळतंय ते दादाच्या अर्ध्या भागातून की बारक्याच्या. ज्याच्या भागातून गळत असेल त्याने घरच्या दुकानाची चावी खाली ठेवायची आणि आपली हत्यारं उचलून चालू पडायचं. अट दादाने घातली, बारक्याने एका शब्दात मान्य केली, आणि हे सगळे निरोप इकडून तिकडे नेहमीप्रमाणे ताईने पोचवले.

ताई दोघा भावांच्या मधली. दादाहून चार वर्षांनी लहान, बारक्याहून सहा वर्षांनी मोठी. बारक्या आता सेहेचाळीस वर्षांचा होता आणि दारात उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा, पण घरातली टोपणनावं वजन बघून बदलत नाहीत. तिघंही वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, हाताखाली शिशाचं काम शिकले. छपरावर शिशाचे पत्रे अंथरायचे, छप्पर आणि भिंत जिथे भेटतात तिथे, धुराड्याच्या पायाशी, पन्हळीच्या काठाला शिशाची पट्टी बसवायची आणि पाण्याला आत शिरायची वाट ठेवायची नाही, एवढाच धंदा. दादाचा हात मोजमापात, बारक्याचा उचलाठेवीत आणि ताईचा कोपऱ्यांत. कोपरा आला की बाकीचे लोक पत्रा कापतात आणि मग जोड देत बसतात. ताई कापत नसे. लाकडी मोगरीने हलके हलके ठोकत ती जिथे शिसं जास्त झालंय तिथून जिथे कमी पडतंय तिथे सरकवत नेई, आणि तासाभरात सपाट पत्र्याचा अखंड कोपरा उभा राही.

भावांचे निरोपही ती तसेच ठोकून ठोकून सारखे करी. दादा म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, पत्रा उलटा धरलाय." ताई दोन पावलं चालून बारक्याला सांगायची, "दादा म्हणतोय, एकदा बघून घे." बारक्या म्हणायचा, "त्यांना म्हणावं, चष्मा पुसा." ताई परत येऊन सांगायची, "बघतो म्हणाला." भाऊ दोन हातांवर उभे असायचे आणि दोघांनाही सगळं ऐकू यायचं. तरी ताईकडून आल्याशिवाय त्यांच्या लेखी ते बोललं गेलेलंच नसे.

त्या शनिवारी ताईच्या एप्रनच्या खिशात एक पत्र होतं. दोन गावं पलीकडच्या कामगार शाळेने तिला शिशाचं काम शिकवायला बोलावलं होतं. राहायला खोली, आठ बाकांची कार्यशाळा आणि शिकायला तयार अशी बारा मुलं-मुली. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पत्र येऊन महिना झाला होता. वाचून वाचून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. तिला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण ती गेली तर या दोघांच्या मधे उभं कोण राहणार? आणि आज एकाला दुकान सोडावं लागलं, तर मोडलेलं घर मागे टाकून जायला तिचा पाय निघाला नसता. तिने ठरवलं होतं, आज काय होतं त्यावर उत्तर लिहायचं.

वाचनालयाच्या दारात ग्रंथपाल बाई उभ्याच होत्या. शिडशिडीत, करड्या केसांच्या, बोलायला फटकळ. त्यांच्या मागे, वाचायच्या मोठ्या दालनाच्या बरोबर मधोमध, एक निळी बादली होती.

"अकरा वर्षांत मी कवितांचं कपाट तीनदा हलवलं," त्या म्हणाल्या. "आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग जिन्याखाली. आता कविता वाचायला लोकांना वाकावं लागतं. आज झालं तर झालं, नाहीतर सोमवारी मी दुसऱ्या गावचा कारागीर बोलावते."

"आज होणार," ताई म्हणाली.

"गेल्या वेळी तुमचे थोरले भाऊ म्हणाले होते, गळती धाकट्यांच्या भागात आहे. धाकटे म्हणाले, थोरल्यांच्या. बादलीला काही फरक पडला नाही."

दुसऱ्या गावचा कारागीर, हे शब्द मागे उभ्या असलेल्या अप्पांच्या कानात गेले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. अप्पा ब्याऐंशी वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना छपरावर चढायला मनाई केली होती. त्यांनी डॉक्टर बदलला. दुकानाची मोठी पितळी चावी अजून त्यांच्याच कमरेला असायची. मुलांकडे होत्या त्या तिच्या नकला.

"अप्पा, तुम्ही खाली बसा," ताई म्हणाली. "बाई पुस्तक देतील एखादं."

"मला सगळी पुस्तकं ठाऊक आहेत," अप्पा म्हणाले. त्यांनी जन्मात एक पुस्तक वाचलं नव्हतं. "मी वर येणार."

शेवटी आतल्या जिन्याने, प्रत्येक वळणावर थांबत, त्यांना वर नेलं. ग्रंथपाल बाईंनी मागून एक खुर्ची आणली. छपरावर उघडणाऱ्या छोट्या दाराशी अप्पा त्या खुर्चीत बसले, जुना चामडी एप्रन गुडघ्यांवर पसरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. ताईला ते जरा विचित्र वाटलं. अप्पा छपरावर आले की पहिल्या मिनिटाला कुणाला तरी झापायचे, आणि आज दहा मिनिटं झाली तरी गप्प होते.

छप्पर तसं साधं, दोन्ही बाजूंना हलका उतार असलेलं. मधोमध एक जाड लाकडी दांडा पुढून मागे गेलेला. डावीकडून दादाने अंथरलेले पत्रे येऊन त्या दांड्याला भिडून वर वळत, उजवीकडून बारक्याचे. आणि त्या दोघांवर, पाऊस आत जाऊ नये म्हणून, टोपीसारखी बसवलेली शिशाची मधली पट्टी. चौदा वर्षांपूर्वी छप्पर नवं केलं तेव्हा डावा भाग दादाला, उजवा बारक्याला, आणि पट्टी अप्पांनी एकट्याने शेवटच्या दिवशी बसवली. पुढची तीन वर्षं सगळं ठणठणीत होतं. चौथ्या वर्षी बादली आली.

"ताई, त्याला सांग," दादा हातमोजे चढवत म्हणाला, "आधी त्याची बाजू उघडू. मला घाई आहे."

"ताई, त्यांना सांग," बारक्या म्हणाला, "मोठ्यांचा मान पहिला."

"नाणं उडवते," ताई म्हणाली, आणि उडवलं. दादाची बाजू आली.

दादाने स्वतःचे पत्रे स्वतःच उचकटले. गंभीर तोंडाने, एकेक खिळा काढून ओळीत ठेवत. पट्टीखालची कड तशीच ठेवून प्रत्येक पत्रा खालून वर उचलला की बारक्या गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवर नाक टेकवायचा, बोटाने ओल चाचपायचा. पहिली फळी कोरडी. दुसरी कोरडी. सातव्या पत्र्यापर्यंत बारक्याचं तोंड लांब लांब होत गेलं आणि दादाच्या मानेचा ताठा वाढत गेला. सातही पत्रे धड होते. खिळे एकाच बाजूला, दुसरी बाजू मोकळी, अगदी अप्पांनी शिकवलं तसं.

अप्पांची ती शिकवण तिघांनी वयाच्या सातव्या वर्षापासून ऐकली होती. शिसं उन्हात पसरतं, थंडीत आक्रसतं, रोज, आयुष्यभर. म्हणून एकीकडून धरायचं आणि दुसरीकडून सोडायचं. दोन्हीकडून धरलंत तर बिचारं जाणार कुठे, मधेच फाटतं. हे सांगताना अप्पा कान पकडायचे आणि वाक्य संपेपर्यंत सोडायचे नाहीत, त्यामुळे ते कुणी विसरलं नव्हतं.

मग बारक्याची बाजू. दादा चष्मा पुसून आला, मुद्दाम दोनदा पुसून. पहिला पत्रा कोरडा. दुसरा कोरडा. साडेअकरा वाजेतो सातही पत्रे उचलून झाले आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. बारक्याचंही काम निर्दोष होतं.

"ताई, विचार त्याला," दादा हळूच म्हणाला, "मग पाणी येतं कुठून?"

"मला माहीत असतं तर अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या असत्या का?" बारक्या म्हणाला, पण ताईकडे बघून.

"मधली पट्टी राहिली," ताई म्हणाली.

"ती कशाला?" दादा आणि बारक्या एकदमच म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही राग आला. मधली पट्टी अप्पांची. अप्पांच्या कामात गळती शोधणं म्हणजे सूर्यात काळोख शोधणं, असं दोघांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आधी जेवून घ्या," अप्पा खुर्चीतून घाईघाईने म्हणाले. "नखं घासून या."

शिसं अंगाला वाईट. त्यामुळे या घरात हात धुणं हा एक विधीच होता. खाली नळावर जायचं, साबण, ब्रश, नखांखाली खरवडायचं, तोंड धुवायचं, मग वर येऊन अप्पांना दोन्ही पंजे दाखवायचे. छपन्न वर्षांचा दादासुद्धा रोज पंजे पुढे करायचा आणि अप्पा कधीकधी "परत जा" म्हणायचे. दोघं भाऊ खाली गेले, एक पुढच्या जिन्याने, एक मागच्या.

ताई गेली नाही. तिने पातळ पहार पट्टीखाली सरकवली आणि पहिला तुकडा उचलला.

आत डाख दिलेला होता. दादाच्या पत्र्याची वर वळलेली कड आणि बारक्याच्या पत्र्याची वर वळलेली कड, दोन्ही दांड्यावर एकमेकींना भिडवून, वितळलेला डाख ओतून, फडक्याने पुसून, एकजीव केलेल्या. दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुंदर काम होतं, आरशासारखं. आणि प्रत्येक हातभर अंतरावर, जिथे फडकं उचललं होतं तिथे, तीन बारीक लाटा उमटल्या होत्या. त्या तीन लाटा जगात एकच माणूस काढायचा. दांड्याच्या पायाशी, पट्टीच्या कडेखाली, शिसं फाटलं होतं. डावीकडे केसाएवढी फट, उजवीकडेही तेवढीच. दोन्हीकडून धरलेलं शिसं तीन वर्षं ओढ खात राहिलं आणि चौथ्या वर्षी सुटलं.

ताईने मान वर केली. अप्पा तिच्याकडेच बघत होते.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

"दर वर्षी," अप्पा म्हणाले.

ताईला हसू आलं. सगळ्या धंद्यात ज्याच्या शब्दावर लोक छपरं सोपवत, त्या माणसाने शिकाऊ पोर करणार नाही अशी चूक केली होती, आणि आता तो खुर्चीत बसून मुलांच्या पावलांची वाट बघत होता. पट्टी परत दाबून बसवली तर? मोगरीचे चार ठोके पुरले असते. पण मग गळती तशीच, बादली तशीच, सोमवारी दुसऱ्या गावचा कारागीर येऊन हाच डाख बघणार आणि गावभर सांगणार. आणि भाऊ एकमेकांवर तसेच दात खात राहणार. दाखवलं तर अप्पांची साठ वर्षांची पुण्याई दोन मिनिटांत जाणार, तीही स्वतःच्या मुलांसमोर.

जिन्यात पावलं वाजली. ताईला काहीच सुचलं नाही, म्हणून ती त्या उघड्या जागेवर फतकल मारून बसली.

भाऊ आले, पंजे दाखवून पास झाले. त्यांच्या मागून वहिनी आल्या, दोन्ही हातांत डबे घेऊन. वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा आणि बारक्या बोलत नसले तरी दोघी जावा रोज सकाळी एकत्र बाजारात जात, आणि त्या दिवशीचे बारक्याच्या घरचे डबेही वहिनीच घेऊन आल्या होत्या. अकरा वर्षांत या अबोल्याचा त्या दोघींना एवढाच त्रास झाला होता की नवऱ्यांना काय काय माहीत नाही ते लक्षात ठेवावं लागे.

"ताई, हात न धुता काय बसल्यात?" वहिनी म्हणाल्या.

"मला भूक नाही."

"मग ऊठ," दादा म्हणाला, "पट्टी बघायचीय."

"जेव आधी."

"ताई."

"बसू दे ना मला जरा. पाय दुखतायत."

बारक्याने तिला दोन्ही काखांत धरलं आणि उचलून बाजूला ठेवलं, कुंडी ठेवावी तसं.

दोघं भाऊ वाकले. दादाचं बोट त्या तीन लाटांवरून फिरलं. बारक्याने डावी फट बघितली, मग उजवी. दोघांच्या कानांच्या पाळ्या एकदमच लाल झाल्या, सातव्या वर्षी व्हायच्या तशा. अप्पांनी एप्रनची कड मुठीत धरली होती.

दादा उभा राहिला आणि घसा खाकरला.

"ताई, बारक्याला सांग," तो म्हणाला, "चूक माझी आहे."

ताईने त्याच्याकडे बघितलं. तो अप्पांकडे बघत नव्हता, अगदी कष्टाने बघत नव्हता. तिला सगळं कळलं.

"बारक्या," ती म्हणाली, "दादा म्हणतोय, चूक त्याची."

"त्यांना सांग, उगाच मोठेपणा नको," बारक्या म्हणाला. "फट माझ्या बाजूला जास्त आहे. मीच कड कमी वळवली असणार."

"दादा, तो म्हणतो..."

"ऐकलं मी. त्याला सांग, दोन्ही फटी सारख्या आहेत. आणि कड मी जास्त ताणली होती, मला चांगलं आठवतंय."

"चौदा वर्षांपूर्वीचं आठवतंय? त्यांना काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. सांग, माझा पत्रा पातळ होता."

"पातळ?" दादा म्हणाला. "एकाच गुंडाळीतले होते सगळे. मी स्वतः कापलेत."

"मग वाईट कापलेत."

"मी वाईट कापले?"

"कडा बघ जरा. दातांनी कापल्यासारख्या आहेत."

"आणि तू खांद्यावरून आणताना वाकवलेस ते? अख्खा पत्रा दुमडून आणला होतास, सतरंजी आणावी तसा."

"कारण तू दुसरं टोक धरायला आला नाहीस. मी एकटाच वाहत होतो सगळे."

"मला हाक मारली असतीस तर आलो असतो."

"मारली होती. तू ऐकलं नाहीस."

"मग परत मारायची."

"हट्ट होता माझा," बारक्या म्हणाला. "चूक माझी."

"तुझी नाही, माझी म्हणतोय ना."

ताईचं तोंड अर्धवट उघडं होतं. कुणाचा तरी निरोप त्यात तयार होता, पण तो कुणाला द्यायचा तेच तिला कळेना. तिने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी डबा उघडता उघडता बोट ओठांवर ठेवलं. मग भावांच्याही ते लक्षात आलं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत गप्प झाले, रस्त्यात चुकून शिक्षकांच्या अंगावर आदळलेल्या मुलांसारखे.

अप्पांनी आतापर्यंत सगळी मजा घेतली होती. तेवढं कबूल करायला हवं. पहिली दोन मिनिटं त्यांनी एप्रनची कड मुठीतून सोडली नव्हती, पण 'दातांनी कापल्यासारख्या'च्या सुमाराला ते खुर्चीत मागे टेकून बसले होते.

"दोघंही नीट खोटं बोलायला शिकला नाहीत," ते म्हणाले. "मीच डाख दिलाय तो. अख्ख्या गावाला कळतं माझं काम."

"अप्पा, तुम्ही..." दादा म्हणाला.

"थांब. मला बोलू दे, मग धीर राहणार नाही." अप्पांनी एप्रनवरून हात फिरवला. "तुमची आई गेली ना त्या वर्षी, तेव्हाच हे छप्पर केलं आपण. तुम्ही दोघं इथे रोज भांडत होतात. कुणाची बाजू आधी पुरी होते, कुणाचे खिळे सरळ. आणि ती जाताना मला एकच सांगून गेली होती, दोघांना धरून ठेवा. शेवटच्या दिवशी मी इथे एकटा होतो. समोर याच्या पत्र्याची कड, त्याच्या पत्र्याची कड. मधे दांडा. माझ्या शेजारी डाखाची शेगडी पेटलेली. मला वाटलं, जोडून टाकू. पक्कं. कुणाला कळणार आहे. वरून पट्टी बसवली की झालं."

दादाचं बोट परत त्या तीन लाटांवर गेलं.

"जन्मभर तुमचे कान पिळले, दोन्हीकडून धरू नका म्हणून, आणि स्वतः धरलं. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हाच मी समजलो होतो. लाज वाटली, गप्प बसलो. म्हटलं पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या आठवड्यात तुम्ही बोलणं टाकलंत. मग सांगायचं कुणाला? एकाला सांगितलं तर दुसऱ्याला कळवायला ताईला धाडावं लागलं असतं, आणि ती पोर आधीच दमली होती." त्यांनी ताईकडे बघितलं. "तुझा सगळ्यात जास्त अपराधी मी."

ताई जाऊन त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. अप्पांनी हात तिच्या केसांकडे नेला आणि अर्ध्यावर थांबवला.

"हात धुतले नाहीस तू," ते म्हणाले.

मग त्यांनी कमरेची पितळी चावी सोडली आणि समोरच्या शिशावर ठेवली. शिसं मऊ. चावी वाजली नाही.

"अट म्हणजे अट," ते म्हणाले. "ज्याची चूक त्याने चावी ठेवून जायचं. उद्यापासून मी दुकानात येणार नाही आणि छपरावर चढणार नाही."

दादा आणि बारक्याने एकमेकांकडे बघितलं. अप्पांनी आता घरी बसावं, हे त्यांना सांगायची गेल्या पाच वर्षांत दोघांपैकी कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता ते आपणहून हातात पडल्यावर दोघांनाही ते परत करावंसं वाटत होतं.

"चढू नका," दादा शेवटी म्हणाला. "पण दुकानात या. नखं कोण बघणार?"

"विचार करतो," अप्पा म्हणाले, आणि लगेच, "दुपारी येईन. सकाळी थंडी असते."

ताई नखं घासून आली आणि सगळे जेवायला बसले. ग्रंथपाल बाई वर येऊन डाख बघून गेल्या, त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण सगळी माणसं एका डब्यातून जेवतायत हे त्यांनी पाहिलं आणि कुणालाही टोचून न बोलता त्या खाली गेल्या.

दुपारभर काम चाललं. डाख कापून काढला, फाटलेल्या कडा कापून नवे तुकडे लावले. दांड्याच्या दोन्ही टोकांशी, जिथे पट्टी भिंतीला भिडते, तिथले कोपरे ताईने घेतले. ती मोगरीने ठोकत होती आणि पाठीमागून आवाज येत होते. "धर." "धरलंय." "तिकडून दोन बोटं मोकळी सोड." "सोडली." "दोन म्हटलं, तू चार सोडलीस." "माझी बोटं, माझा हिशेब." कुणी "ताई" म्हणत नव्हतं. सुरुवातीला दर वाक्याला तिची मान वळत होती. चारच्या सुमाराला ती वळायची थांबली. तिला एकदम फार मोकळं वाटलं आणि थोडं रिकामंही, खोटं कशाला बोला.

नवी पट्टी बसली. दोन्ही बाजूंच्या कडा तिच्याखाली एकमेकींना न भिडता सरकायला मोकळ्या होत्या, वर तांब्याच्या बारीक पट्ट्यांनी टोपी धरून ठेवलेली. ताईने मोगरी खाली ठेवली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि खिशातलं पत्र काढून सगळं सांगून टाकलं. शाळा, खोली, बारा मुलं-मुली, सोमवार.

"जाणार तू?" बारक्या म्हणाला.

"म्हणजे आम्हाला सोडून?" दादा म्हणाला.

"मला महिनाभर माहितीये," वहिनी डबे आवरत म्हणाल्या. "अप्पांचं आम्ही दोघी बघू, तेही ठरलंय. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं. तुम्ही भांडणात होतात."

"कोपरे कोण करणार?" दादाने विचारलं. मग बारक्याकडे वळून, "तू सांग तिला. तुझं ऐकते ती."

"माझं कधी ऐकलंय? तू मोठा, तू सांग."

"मी सांगितलं तर मुद्दाम जाईल."

"मग गप्प बस. मी समजावतो."

"तू समजावशील आणि तिला रडवशील. थांब, मीच बोलतो."

"ताई," अप्पा खुर्चीतून म्हणाले, "लिहून टाक. हे दोघं आता संध्याकाळपर्यंत आटपत नाहीत."

ताईने पत्र नव्या पट्टीवर पसरलं, कानामागची जाड पेन्सिल काढली आणि खालच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'येते'. लिहिताना जोर लागला असावा. तिने कागद उचलला तेव्हा खालच्या मऊ शिशावरही तो शब्द उमटला होता, दोन्ही मात्रांसकट.

दादाने वाकून बघितलं. पट्टी नवी, तिच्यावर ओरखडा नको, म्हणून सवयीने त्याने मोगरी उचलली. बारक्याने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, दादा," तो म्हणाला.